साल मलाच आवडते

आत्या, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्या नावानं पान वाढलं, फोटोला हार घातला, पण तुमच्याशी भांडायला म्हणून कधी बसले नव्हते. आज बसले आहे. हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, वाया जाण्यापेक्षा ती यात जाऊ देत. सासूला आत्या म्हणायची आपल्या घरची रीत, म्हणून आत्याच लिहिते. लग्नाआधी तुमचं माझं काही नातं नव्हतं, हे दोघींनाही माहीत आहे.

विषय सफरचंदाचा आहे. हसू नका. आधी माझं सांगते. सफरचंद मी लहान आणि घट्ट बघून घेते. लालभडक, चकाकणारं घेत नाही, त्यावर मेण लावलेलं असतं, नखानं खरवडलं की पांढरं निघतं. देवळाजवळचा फळवाला आता मला ओळखतो. लांबूनच हाक मारतो, “मावशी, डागाची ठेवल्यात तुमच्यासाठी.” डागाचं मला चालतं, डाग कापून टाकता येतो, मऊ पडलेलं चालत नाही. घरी आणलं की मिठाच्या पाण्यात घालायचं, पुसायचं आणि आधी देव्हाऱ्यात अंबाबाईपुढं. मग विळीवर साल काढायची, चांगली जाड, थोडा गर सालीला राहील अशी. वर मीठ आणि चिमूटभर लाल तिखट. मधला भागही मी टाकत नाही, बिया तेवढ्या काढते आणि बाकीचं कुरूकुरू चावून खाते. मागं उरतो फक्त देठ. फोडी दुसऱ्यांना. गर मला खरंच आवडत नाही, तोंडात त्याचा पिठाचा गोळा होतो. शेजारच्या बायका म्हणतात, किती ती काटकसर. मुलगा म्हणतो, आजीनं तुला सालीवर दिवस काढायला लावले आणि आता तुझी सवय सुटत नाही. मी दोघांनाही सांगते, मी चिकट आहे, कबूल, पण सालीचा त्याच्याशी संबंध नाही. मला आवडते म्हणून मी खाते. कोणी ऐकत नाही.

पण सुरुवात तुम्ही केलीत, हे काही मी विसरले नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मला टायफॉईड झाला होता. बाबा हातकणंगल्याहून बघायला आले, हातात कागदाची पिशवी आणि पिशवीत चार सफरचंदं. तेव्हा सफरचंद हे आजाऱ्याचं फळ होतं, एरवी कोण आणत होतं? तुम्ही पिशवी माझ्या उशाशी राहूच दिली नाहीत. बाहेर सोप्यात विळी मांडलीत, त्या दिवसाला दोनच काढलीत, एकेकाच्या आठ फोडी केल्यात. मामंजींना, ह्यांना, दोन्ही दिरांना आणि पाहुण्यांचा मान म्हणून बाबांनाही बशीत दिल्यात. मला आत वाटीतून साली आल्या. “सालीत सगळं सत्त्व आसतंय. तापातनं उठलेलीनं सालच खावी,” असं म्हणालात आणि वर, “मॅट्रिक झालीस म्हणून नाक मुरडू नगंस.” मी नाक मुरडलंच नव्हतं, आत्या. अंगात तेवढी ताकद कुठं होती?

बाबा पाणी मागायला आत येतात. दारात उभे आहेत. त्यांच्या हातात अर्धी खाल्लेली फोड आहे. माझ्या वाटीकडं बघतात, मग हातातल्या फोडीकडं. फोड फळीच्या कडेला ठेवतात, धोतराला हात पुसतात आणि पाणी न पिताच बाहेर जातात. सोप्यातून तुमचा आवाज येतो, “पावणं, जेवून जावा की.” “नको, पाचची गाडी हाय,” असं बाबा म्हणतात. तेव्हा दोनसुद्धा वाजले नव्हते.

ती फोड तुम्ही उचलून धाकट्या दिराला दिलीत. साल मात्र मी खाल्ली, आणि रागानं खाल्ली. मुद्दाम आवाज करून, सोप्यापर्यंत ऐकू जावा म्हणून. तुम्ही डोकावलात. “शेळी हाईस का काय गं?” “सत्त्व काढतीय,” मी म्हणाले. तुम्हाला उलट बोललेला तो माझा पहिला शब्द. दुसऱ्या दिवशी मी सालीवर मीठ घातलं, तिसऱ्या दिवशी तिखट. चौथ्या दिवशी सफरचंदं संपली तर मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. बघा, तुम्ही द्यायला गेलात एक आणि मी घेतलं भलतंच. ते मी माझं करून घेतलं. त्यात तुमचा काही वाटा नाही.

तुमच्या शेवटच्या आजारात मी सफरचंद अर्धं कापून चमच्यानं खरवडून तुम्हाला भरवत होते. तोंडात दात राहिले नव्हते. एक दिवस माझा हात धरून म्हणालात, “माझ्या सासूनं मला सालबी दिली न्हवती. मी तुला दिली.” तुम्हाला काय वाटलं, माझ्या डोळ्यांत पाणी येईल? आलं नाही. मी चमचा पुढं केला आणि म्हटलं, “आ करा.” तुम्हाला कोणी दिली नाही याचं मला वाईट वाटतं, आजही वाटतं. पण मला दिलीत ते उपकार म्हणून मी तेव्हा मोजले नाहीत आणि आता मोजणार नाही. घरात चार सफरचंदं होती आणि ती माझ्या बाबांनी माझ्यासाठी आणली होती.

आता आजचं. शुक्रवार होता, मला उपास. सकाळी देवळात जाऊन येताना तीन सफरचंदं आणली. एक अंबाबाईपुढं ठेवलं, दोन ओट्यावर. दुपारी अचानक व्याही आले. तुमच्या नातवाचं लग्न होऊन चारच महिने झालेत, सून हुपरीची, घरात चांदीच्या पैंजणांचं काम. माणूस मोकळा, कामानं हात काळे पडलेले, बोलणं मोठ्यानं. “लेक दिसती का न्हाय बघून जावं म्हटलं, तुम्ही लपवून ठिवली आसंल तर!” असं म्हणून खुर्चीत बसले. हे आणि मुलगा त्यांच्याशी गप्पा मारत होते. सुनेनं आत दोन्ही सफरचंदं सोलली, फोडी बशीत घालून बाहेर नेऊन दिल्या. मी देव्हाऱ्यापाशी पोथी वाचत होते. ती संपवून स्वयंपाकघरात आले तर पोरगी ओट्याला टेकून उभी, हातात वाटी, वाटीत साली. मीठ-तिखट लावून खात होती आणि तोंड असं झालेलं, जणू कडू काढा पितेय.

“साल का खातीस गं?”

“तुम्ही खाताय की आई.”

“मला आवडती म्हणून खाते. तुला आवडती?”

तिनं दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, “ह्यांनी सांगितलं, आमच्यात बायका सालच खातात म्हणून. मला वाटलं हितली रीत आसंल.”

आत्या, मला सांगा, ही रीत कोणी केली? तुम्ही नव्हता. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी इतकी वर्षं ओट्याशी उभी राहून, आवडीनं, कोणाला न विचारता साल खाल्ली, आणि माझ्या पोटच्या पोरानं त्याचा कायदा करून टाकला. मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून आवाज आला, “पोरी, पाणी दे गं तांब्याभर.” व्याही आत आले होते. त्यांनी लेकीच्या वाटीकडं बघितलं. एवढा बडबड्या माणूस, पाणी न घेताच मागं वळायला लागला.

ते मागं वळणं मला ओळखीचं होतं. मी तडक देव्हाऱ्याकडं गेले, हात जोडले आणि म्हटलं, आई, हे मी घेते, तुला उद्या दुसरं आणते. अंबाबाईपुढचं सफरचंद उचललं, सुनेचा दंड धरला, व्याह्यांना म्हटलं, “चला बाहेर, पाणी तिकडंच देते.” बाहेर येऊन ह्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. या घरात पुरुषांच्या बैठकीत मी खुर्चीवर बसून कधी काही खाल्लेलं नाही. आणि ते सफरचंद मी सालीसकट, गरासकट, दातानं तोडलं.

हे बघतच राहिले. “अगं, उपास हाय न्हवं तुझा?”

“फळ उपासाला चालतंय.”

व्याही हसले. “विहीणबाई, चाकू न्हाय व्हय घरात?”

“चाकू हाय. दातबी हाईत.”

तुम्ही जन्मभर उष्ट्यापाष्ट्याचा केवढा बाऊ केलात! मी ते खाल्लेलं सफरचंद तसंच सुनेपुढं धरलं. “घे. दुसऱ्या बाजूनं खा.” ती नवऱ्याकडं बघायला लागली. “त्याच्याकडं काय बघतीस? त्याच्या बशीत फोडी हाईत.” मग तिनं खाल्लं, चांगला मोठा घास. रस हनुवटीवरून ओघळला. मुलाला मी सगळ्यांसमोर सांगितलं, “आमच्यात बायका साल खातात म्हणं. कुणी सांगितलं तुला? मी? आजपासनं ज्याला जे पाहिजे ते त्यानं खायाचं. आणि सोलायला बसायचं आसलं तर तूबी बस.” त्याचा चेहरा लाल झाला. “आई, पाव्हण्यांसमोर...” म्हणाला. पाव्हणे म्हणाले, “पाव्हण्यांचं काय न्हाय, चालू द्या.” आणि मी उठून आणून दिलेला तांब्या घेऊन सगळं पाणी प्यायले, उभ्यानं, घटाघटा. ते पाणी पोटात गेलेलं मला बरं वाटलं.

सफरचंद दोघींनी मिळून संपवलं. गर मला आजही आवडला नाही. तरी पुढच्या शुक्रवारपासून मी सगळ्यांत बसून फोडी खाणार, पिठाचा गोळा झाला तरी गिळणार, पोरीनं बघावं म्हणून. तुम्ही म्हणाल, म्हातारपणी हिला सोंगं सुचायला लागली. म्हणा.

हे कुठं धाडायचं नाही, वहीतच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. पाहुणे गेले, मुलगा त्यांना स्टँडवर सोडायला गेला, सून गच्चीवर कपडे काढायला गेली. तिनं टाकलेली सालीची वाटी ओट्यावर तशीच होती. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि सगळी खाल्ली. तिखट जरा कमी पडलं होतं, वरून घालून घेतलं.