जिभेवर न विरघळलेली गोळी

चिरंजीव धाकटीस,

पत्र कोणाचं हे शेवटी सही बघून ओळखायची तुझी सवय मला ठाऊक आहे. मी तर अंगठा उठवणार, म्हणून आधीच सांगून टाकते: मी तुझी थोरली बहीण. गेल्या महिन्यात तू ज्या घरी राहून गेलीस ते माझं घर. आठवत नसेल तर तुझा चष्मा, तुझा कंगवा आणि एका पायातला मोजा इथे पडून आहे, त्यावरून ओळख पटव. आशीर्वाद घे. गुडघे काय म्हणतात, झोप लागते का, सूनबाईशी बोलणं सुरू झालं की अजून अबोलाच आहे, सगळं सविस्तर कळव. इकडचे सगळे खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहायला सांगितलं. प्रत्यक्षात खुशाल कोणी नाही आणि मी तर मुळीच नाही. (लिहिणारी माझी नात. शाळेत शिकवते, तेव्हा हिला लिहिता येत असेल अशी माझी समजूत होती. तिने सुरुवातीला ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं. तुला तीर्थरूप म्हणायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. खोडायला लावलं.)

फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर सांगितलेलं तू फोन खाली ठेवायच्या आत विसरतेस. कागद निदान भिंतीला चिकटवता येतो. तेव्हा हे वाच आणि चिकटव, आणि कुठे चिकटवलंस ते सूनबाईला सांगून ठेव. त्या निमित्ताने अबोला तरी सुटेल.

तर तू इथे असतानाच माझं ते गरगरणं सुरू झालं होतं. सकाळी उशीवरून मान उचलली की खोली फिरायची आणि पोटातलं सगळं घशाशी यायचं. तूच माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे आली होतीस (आणि तिथे छत्री विसरली होतीस, ती आणली आहे). त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, मान इकडे तिकडे वळवली आणि बिघाड कानात आहे म्हणाल्या. आता उलटी होते पोटातून आणि बिघाड म्हणे कानात. शिवणयंत्राचा दोरा तुटतो वर आणि दोष असतो खालच्या बॉबिनमध्ये, ते मी आयुष्यभर पाहिलंय, म्हणून मान्य केलं. बाईंनी आणखी कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारून घेतलं आणि चिठ्ठी दिली. मळमळायला लागलं की एक पांढरी गोळी, जमलं तर जेवणाच्या थोडी आधी. हात कोरडे हवेत, चांदीचा कागद सोलून काढायचा, अंगठ्याने दाबून फोडायची नाही, भुगा होतो. जिभेवर ठेवायची, आपोआप विरघळते, पाणी लागत नाही. दिवसात किती घ्यायच्या ते सांगितलं आणि त्यावर एकही नाही असंही बजावलं. मी सगळं नीट ऐकलं. तू तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतीस.

माझी गोळ्यांची पद्धत तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. मला अक्षर येत नाही. पण कारखान्यात गणवेश शिवण्यात माझा जन्म गेला, डोळे मिटून कापड ओळखते. म्हणून प्रत्येक गोळीला मी वेगळ्या कापडाची पिशवी शिवली. रक्तदाबाची मखमलीची, कारण त्या दुखण्याशी मऊ वागावं लागतं. गुडघ्याची गोणपाटाची, गुडघा आतून तसाच लागतो. आणि उलटीची छत्रीच्या कापडाची. का ते सांगायला नको. गेली कित्येक वर्षं या पिशव्यांनी मला दगा दिला नाही. दगा दिला तो माझ्या सख्ख्या बहिणीने.

तू निघालीस त्या सकाळचं आठव. (तुला आठवणार नाही, मीच सांगते.) बस पहिल्या वळणावर गेली की तुला ओकारी येते, म्हणून तू प्रवासाची पिवळी गोळी घेतेस. त्या सकाळी माझ्या फळीपाशी उभी राहून घेतलीस. उरलेली स्ट्रिप ठेवायला काहीतरी हवं होतं, समोर छत्रीच्या कापडाची पिशवी दिसली. तुझ्या डोक्यात छत्री म्हणजे बाहेर जाणं, म्हणजे ही प्रवासाची पिशवी. टाकलीस आत. आणि पिशवी तिथेच ठेवून गेलीस प्रवासाला. मी हे डोळ्यांनी पाहिलं नाही. पण लहानपणी तू आपल्या धाकट्या भावाला शाळेत पोचवायला नेऊन दप्तर पोचवून आली होतीस आणि भाऊ दुकानाच्या पायरीवर बसला होता, त्यावरून मी अंदाज बांधला.

पुढे काय झालं ते ऐक. नातीच्या शाळेत नाटक होतं आणि रंगमंचाचा पडदा मी शिवून दिला होता. गडद लाल, जाड, एवढा मोठा की मी एका टोकाला शिवत असले तर दुसरं टोक शेजारणीच्या ओट्यावर. तो टांगल्यावर खालची पट्टी जमिनीला लागते का हे बघायला मी स्वतः जाणार होते. सकाळी उठले तर गरगर. डोळे मिटूनच छत्रीच्या पिशवीत हात घातला, स्ट्रिप लागली, हात कोरडे केले, गोळी काढली, जिभेवर ठेवली. ती काही विरघळेना. कडू जहर. मला वाटलं, औषधवाल्याने शिळी दिली. तेवढ्यात माझा मुलगा आला आणि आई, आज शाळेत जाऊ नकोस, तुला बरं नाही, असं व्याख्यान सुरू केलं. जिभेवर गोळी घेऊन मला उत्तर देता येईना. मी गप्प आहे हे बघून त्याला वाटलं मला पटलं. एवढ्या वर्षांत त्याला पहिल्यांदा माझ्यापुढे पूर्ण वाक्य बोलायला मिळालं, तो थांबतो कशाला. तो कामावर गेल्यावर मी पाण्याबरोबर गिळून टाकली. थोड्या वेळाने उलटी झालीच. गोळी गेली वाया असं समजून दुसरी गिळली, आणि शाळेची रिक्षा धरली.

पडद्याची पट्टी नीट होती. एका कोपऱ्यात मात्र टाका निसटला होता, म्हणून दोरीवाल्यांना चहाला पाठवून मी पडद्यामागे जमिनीवर बसले आणि सुई ओवायला घेतली. सुईची दोन भोकं दिसायला लागली. तोंड असं कोरडं पडलं की दोऱ्याचं टोक ओलं करायला थुंकी नाही. त्यानंतरचं मला माहीत नाही. नातीने सांगितलं ते असं. मुख्याध्यापक आले, पाहुणे आले, मुलांना ओळीने बसवलं आणि नवीन पडदा कसा सरकतो ते दाखवायला दोरी ओढली. पडदा झोकात उघडला आणि रंगमंचाच्या ऐन मध्यावर मी, पाय पसरून, तोंड उघडं, हातात सुई. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका पाहुण्याने विचारलं म्हणे की नाटक दुःखान्त आहे का. (आजीने इथे गाळलं आहे ते लिहिते: हाका मारूनही आजी उठत नव्हती आणि मी तिच्या नाकापुढे हात धरून श्वास बघत होते. – नात) तिला लिहू दिलं एवढं. पुन्हा नाही.

मग रिक्षा, मग डॉक्टरीणबाई. मुलगा कामावरून धावत आला, येताना पिशव्या घेऊन आला आणि बाईंच्या टेबलावर छत्रीची पिशवी उलटी केली. दोन स्ट्रिपा पडल्या. पिवळी बघून बाईंचा चेहरा जो झाला, तो माझ्या कारखान्यातल्या मुकादमिणीचा बाही उलटी जोडलेली बघून व्हायचा. त्यांनी मला संध्याकाळपर्यंत तिथेच झोपवून ठेवलं, पुन्हा पुन्हा रक्तदाब बघितला आणि मी शुद्धीवर आल्यावर खडसावलं. ती गोळी प्रवासाची, झोप आणणारी, आणि मी घेतल्या दोन. वर रक्तदाबाची चालूच. या वयात तोल जाऊन पडला असतात तर कंबर मोडली असती, म्हणाल्या. उलटी झाली म्हणून आपल्या मनाने दुसरी गोळी घ्यायची नाही, आधी फोन करून विचारायचं. दुसऱ्याची गोळी तर कधीच नाही, मग ती सख्ख्या बहिणीची का असेना. आणि गोळी नेहमीसारखी लागली नाही तर थुंकून टाकून विचारायचं, औषधवाल्याला नावं ठेवत बसायचं नाही. पोटात पाणीही टिकेना, उलटीत रक्त दिसलं, किंवा मान-जबडा ताठ व्हायला लागला, तर वाट न बघता यायचं. सगळं बरोबर बोलल्या. राग आला तो त्या बरोबर बोलल्या म्हणून.

पण खरा संताप पुढे आहे. माझा मुलगा काय नोकरी करतो ते तुला ठाऊक आहे. दुकानदारांचे वजनकाटे तपासतो. जन्मभर लबाड काटे बघून त्याला वाटतं की जगात जे काही हलतं ते खोटं. घरी येऊन त्याने माझ्या सगळ्या पिशव्या जप्त केल्या, मखमल, गोणपाट, छत्री, सगळ्या, आणि स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. शिशाचं सील मारायचं तेवढं राहिलं. म्हणाला, यापुढे गोळ्या मी देईन, आणि एकटीने कुठे जायचं नाही, शिवणाची मापं घ्यायलासुद्धा. मी म्हटलं, अरे, ती पिवळी तुझ्या मावशीची. त्याने माझ्यासमोर तुला फोन लावला. तू काय सांगितलंस? तू म्हणालीस, छे, माझी स्ट्रिप माझ्या पर्समध्ये आहे. पर्स उघडून बघितलीस का? नाही. वर त्याला विचारलंस, आईची तब्येत बरी आहे ना, असं काहीबाही बोलते का हल्ली.

त्या एका वाक्याने माझी बाजू बुडाली. आता तो माझ्याशी हळू आवाजात बोलतो. मी चिडले तरी तो चिडत नाही. यासारखा अपमान नाही.

त्याच्या बंदोबस्ताची मजा सांगते. परवा दुपारी मला उमळून आलं. गोळी कपाटात, किल्ली त्याच्या खिशात, आणि तो कुठल्याशा धान्यबाजारात काटे तपासत उभा. नातीने फोन केला. तो स्कूटरवरून आला तोवर मी बादली घेऊन बसले होते आणि पोटात काही शिल्लक राहिलं नव्हतं. घामाघूम होऊन त्याने गोळी काढली आणि अंगठ्याने दाबून फोडली. भुगा. तो भुगा त्याच्या चांगला लक्षात राहील.

त्यानंतर नातीने मधला मार्ग काढला. पिशव्या माझ्या माझ्याकडे. मात्र एका पिशवीत एकच औषध, आपापल्या स्ट्रिपमध्ये, आणि आत जाण्याआधी ती वरचं नाव आणि तारीख वाचणार. गोळी घेतली की मी पिशवीचं बटण लावणार, म्हणजे घेतल्याचं सगळ्यांना दिसेल. मला पसंत आहे. शिवणार मी, वाचणार ती. पण तिच्या बापाला पसंत नाही. तो म्हणतो, पिवळी गोळी आली कुठून हे कळल्याशिवाय नाही. सुताराने येऊन माप नेलं आहे. येत्या रविवारी माझ्या खोलीच्या बाहेर, माझ्या खोलीच्या, गोळ्या ठेवायला कुलपाचा खण बसणार आहे.

असो. तुला काही मागायला हे पत्र नाही. मी रागावले आहे एवढं कळावं. घरातल्या लहानथोरांना आशीर्वाद सांग.

तुझी थोरली (अंगठा)

ता. क. पर्स उघड. आत्ता, हे वाचतानाच. फोनजवळ नको, खिडकीजवळ घेऊन जा आणि सगळं बाहेर काढून बघ. स्ट्रिप नसेल तर लगेच त्याला फोन कर, रविवारच्या आत, आणि सांग की मावशी विसरली. तुझं नाव तसंही झालेलंच आहे, त्यात भर पडून काही बिघडत नाही.

ता. क. दुसरं. नातीला इथे थांबायला सांगून मी जरा विचार केला. स्ट्रिप पर्समध्ये असेल, तर फोन करू नकोस. मग तूच ये. कारण मग ती पिवळी तिथे कोणी ठेवली हे मला आठवत नाही, आणि ते त्याच्याकडून ऐकण्यापेक्षा तुझ्याकडून ऐकलेलं बरं. चष्मा इथेच आहे, तो घ्यायला आले म्हणून सांग.

ता. क. तिसरं. काहीही झालं तरी तुझ्या कोपऱ्यावरच्या बेकरीतले साधे कोरडे टोस्ट पाठव. सकाळी उठायच्या आधी एक खाल्ला की मला कमी मळमळतं. साखरेचे नकोत. डब्यावर माझं नाव लिहू नकोस. मला वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं ते खाऊन टाकतात.