वेदीवरची मारियामाता कुणी रंगवली

मी, कोर्बिनियान श्टाउडाखर, वय एकाहत्तर, धंदा संतमहात्म्यांची चित्रं रंगवणं, राहणार ओबरलाइटन, बव्हेरिया, आज डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही धाकदपटशाशिवाय हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहून घेत आहेत शाळामास्तर हुंडहामर.

कलम एक. राहतं घर, शिड्या, ब्रश, रंगाचे खल आणि कोंबड्या माझी पुतणी आफ्रा हिला. कोंबड्या शेजारणीला देऊन टाकू म्हणते. मुळीच देऊ नये. बलकाशिवाय रंग धरत नाही.

कलम दोन. माझी केसाळ टोपी खानावळवाल्या झावरला. त्याला संत पेत्र म्हणून समोर बसवलं, तर "टकलावर चार केस काढ की रे मेल्या!" म्हणून आठवडाभर डोकं खाल्लं त्यानं. नाही काढले. आता झाक म्हणावं.

कलम तीन. मास्तर, हे नीट लिहा. वेदीवरची मारियामाता, जिच्यापुढे अख्खा गाव गुडघे टेकतो, ती आफ्रानं रंगवली. बाईनं चर्चमध्ये परांचीवर चढायचं नाही, हा फादर अलोइसांचा नियम. म्हणून आतून कडी घालायची, ती वर, मी खाली खोकत, बाहेरच्यांना वाटावं मीच रंगवतोय. पुढे फादर म्हणाले, "काय हात आहे हो तुमचा!" आणि मी निर्लज्जासारखा हसलो. घरी आफ्रानं सूप आदळलं. "काका, निदान हसायचं तरी नाही!" त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

उत्तरेच्या भिंतीवरचा संत फ्लोरियान अर्धा आहे. त्यासाठी म्युनिकहून कुणी चित्रकार आणायचं घाटतंय. तो आफ्रानंच पुरा करावा, दारं सताड उघडी ठेवून, आणि खाली स्वतःचं नाव घालावं. ही माझी शेवटची इच्छा.

साक्षीला बसलेले फादर इथे म्हणाले, "आजारी माणसाची बडबड आहे ही. पुरावा काय?"

मी म्हटलं, "बसा हो जरा. सही तर करू द्या."

ओबरलाइटन, १४ नोव्हेंबर १८८६

सही: ✕

(श्टाउडाखर यांनी तीनदा टाक धरला. हात इतका कापत होता की नाव उमटेना. शेवटी फुली काढली. सात वर्षं असंच आहे, म्हणून चारचौघांत हात खिशात ठेवतो, असं ते म्हणाले. मारियामातेचं चित्र तीन वर्षांपूर्वीचं आहे.)

साक्षीदार:
१. लोरेन्झ हुंडहामर, शाळामास्तर
२. अलोइस प्फाफिंगर, धर्मगुरू. हात पाहिला. आफ्राला सांगा, परांची सोमवारी बांधून ठेवतो.