खरी डीआय

जळोची, बारामती
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय परवेज,
खूप खूप दुवा.

मी बरी आहे. सकाळी थंडी पडायला लागली आहे, पण अजून स्वेटर काढलेला नाही. सुहाना परवा येऊन गेली. तिचे सासरे तुझी चौकशी करत होते, चेन्नईत जेवणाचं कसं काय म्हणून. मी सांगितलं, भाताची सवय झाली आता त्याला. झाली ना?

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, आणि मलाही मध्येच भरून येतं. म्हणून बारावीनंतर पहिल्यांदा एवढं लिहायला बसले आहे. चुका झाल्या तर समजून घे.

पावसाळ्यात एक गंमत झाली, ती तुला सांगायची राहिली. आपल्या फाटकासमोर दोन गाड्या येऊन थांबल्या, एक इंदापूरची, एक इथलीच. दोन्हींच्या मागे ‘डीआय’चा बॅज. दोघं मालक खाली उतरून भांडत होते. एक म्हणे, ही कंपनीनंच काढलेली स्पेशल गाडी, डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. दुसरा म्हणे, अरे कंपनीचा काय संबंध, कोल्हापूरचा कुणी रेसवाला होता, त्यानं बनवल्या. इथं गाड्यांचं काम व्हायचं एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून शेवटी मला बाहेर बोलावलं. “भाभी, तुमीच सांगा, खरी डीआय कुठली?” मी म्हटलं, “दोन्ही चालतात ना? मग झालं.” तुझे अब्बा असते तर दोघांना चहा पाजून दोघांचंही खरं म्हणाले असते. त्यांना त्या गोंधळाची भारी मजा वाटायची. इंदापूरच्या स्टँडवर एका माणसानं खुद्द त्यांनाच समजावलं होतं, की हा बॅज जपानहून येतो. ते मान हलवत ऐकत बसले. ‘डी’ म्हणजे दस्तगीर आणि ‘आय’ म्हणजे इंद्रजित, दोघं मिळून गॅरेजात गाड्या तेज करून हा बॅज लावतात, हे त्यांनी त्याला सांगितलंच नाही.

आता तुझ्या त्या पोस्टबद्दल.

डाळजजवळ जी गाडी उलटली तिच्यावरचा बॅज खोटा आहे, अब्बांनी असलं काम कधीच केलं नसतं, अब्बा गेल्यावर इंद्रजितकाकांनी बॅज विकले आणि कुठल्याही गाडीवर चिकटवले, असं तू मालकांच्या ग्रुपवर लिहिलंस. ते मला सुहानानं वाचून दाखवलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला बोलू. माझा मुलगा बापाच्या नावासाठी उभा राहिला असं वाटलं. नकली बॅज बाजारात मिळतात हेही खरंच आहे. तुझी पोस्ट गावभर फिरली. इंद्रजितरावांच्या गॅरेजवर आता कुणी गाडी लावत नाही. शटरवर कुणीतरी कोळशानं घाणेरडं लिहून ठेवलं होतं, ते स्वतःच्या हातानं पुसताना मी त्यांना रिक्षातून पाहिलं.

त्यानंतर सणसरचे मानसिंगराव आपल्याकडे आले. ती गाडी त्यांची मुलगी श्रेया चालवत होती. भिगवणला शाळेत शिकवते. स्वतःच्या पगारातून तिनं ती गाडी जुनी म्हणून घेतली होती. मी त्यांना बसायला खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले.

“बाई, मी भांडायला न्हाय आलो,” ते म्हणाले. “तुमचा पोरगा म्हंतो गाडी खोटी. मी इंद्रजितकडं गेलो, तर त्यो म्हंतो गाडी माझ्या हातची हाय, काय करायचं ते माझं करा. बॅजवर दोगांची अक्षरं. मला निस्तं खरं काय ते सांगा.”

“मुलगी कशी आहे?” मी विचारलं.

“उजवा पाय गुडघ्याखाली काढला. पर त्येच्यापेक्षा दुसरंच खातंय तिला. लोक म्हंत्यात, पोरीच्या हातात स्पोर्टची गाडी दिली, उडवली असंल. आता तीबी तसंच म्हणाया लागली. म्हंती, आबा, मीच जोरात व्हते.”

मी त्यांना म्हटलं, मला चार दिवस द्या. का म्हटलं, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण इंद्रजितरावांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं, हे मला खटकलं. ज्या माणसानं नुसते बॅज चिकटवले, तो ‘माझ्या हातची’ असं का म्हणेल?

सुहानाला घेऊन मी भिगवणला गेले. चौकीच्या मागे आवारात ती गाडी ठेवली आहे. पांढरी आहे, टप चेपलेला. पुढचं उजवं चाक आत दुमडलेलं होतं. तिथल्या हवालदारानं खाली वाकून दाखवलं, की चाकाला धरून ठेवणारा खालचा आर्म मोडला आहे. आर्मवर एक जादा पट्टी वेल्ड केलेली होती, तिथूनच तो तुटला. आणि वेल्डिंगवर रंग होता, परवेज. पोपटी.

सुहानानं माझा हात घट्ट धरला. तिनंही ओळखला. तिच्या लग्नाच्या वेळी आपण दारं-खिडक्यांना लावला तो रंग. तू नको नको म्हणत होतास, घर पोपटासारखं दिसेल म्हणून. अर्धा डबा उरला होता. अब्बांनी तो मागच्या अंगणात नेऊन ठेवला होता. गॅरेजमध्ये ते वेल्डिंगला काळा रंग द्यायचे, हे तुला ठाऊकच आहे. घरी काळा नव्हता.

आता जे मी टाळत आले ते लिहिते. थोडं थांबून, पाणी पिऊन वाच.

अब्बांचे हात कापायला लागले होते. कंपवात. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार हळूहळू वाढतच जाणार. तू तेव्हा नुकता चेन्नईला लागला होतास. अब्बांनी मला शपथ घातली की परवेजला कळता कामा नये, तो नोकरी सोडून येईल. मी शपथ पाळली. ते हृदयाच्या झटक्यानं गेले, आणि मग सांगायचं काही उरलंच नाही असं मला वाटलं.

इंद्रजितरावांनी त्यांना वेल्डिंग करू नका म्हणून विनवलं होतं. बाकी काम करा, इंजिन बघा, माणसं सांभाळा, पण वेल्डिंग नको. अब्बा ऐकेनात. मग इंद्रजितरावांनी वेल्डिंगची मशीन काढून नेली आणि मागच्या शेडला कुलूप लावलं. त्याच दिवशी तुझे अब्बा घरी येऊन म्हणाले, “इंद्र्यानं मला बाहेर काढलं.” तू फोनवर जे ऐकलंस ते एवढंच. त्या वाक्यावर तू काकांशी बोलणं तोडलंस. अब्बांनी भाड्यानं मशीन आणून अंगणातच काम सुरू केलं. जुने मालक यायचे, म्हणायचे दस्तगीरभाईच्याच हातचं पाहिजे. बॅजची पिशवी त्यांच्याकडेच होती.

त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. आपले हात आता आपले राहिले नाहीत, हे त्यांना मानवत नव्हतं. पण आर्म तुटला तो तुटलाच.

भिगवणहून परतताना मी थेट गॅरेजवर गेले. इंद्रजितराव एकटेच बसले होते. त्यांना म्हटलं, “पोपटी रंग आहे वेल्डिंगला.”

 ते म्हणाले, “भाभी, मी पहिल्याच दिवशी बघून आलोय.”

“मग तुमच्या हातची का म्हणालात?”

“दस्तगीर आता उत्तर द्यायला येणार हाय का? मी हाय. बॅजवर माझंबी अक्षर हाय.”

“आणि परवेजनं एवढं लिहिलं, तरी गप्प बसलात?”

“त्याला बाप राहू द्या की, भाभी.”

मला तिथं बसवेना. मी म्हटलं, “तुम्ही माझ्या नवऱ्यासाठी करताय, मला कळतंय. पण त्या पोरीचं काय? ती पाय गमावून वर स्वतःलाच दोष देत बसली आहे.”  त्यावर त्यांनी शर्टाला हात पुसले, गाडीची चावी घेतली आणि म्हणाले, “चला.”

सुहाना धरून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. श्रेया तुझ्याहून थोडी मोठी असेल. केस कुणीतरी दोन वेण्या घालून बांधले होते, त्यामुळं शाळेतल्या मुलीसारखी दिसत होती. मी पलंगाजवळ उभी राहून सगळं सांगितलं. माझ्या नवऱ्याचं नाव, त्यांचा आजार, अंगणातलं काम. अर्धं मी सांगितलं, पुढचं इंद्रजितरावांनी.

श्रेयानं विचारलं, “म्हणजे आर्म आधी तुटला? गाडी नंतर वळली?”

“हो,” इंद्रजितराव म्हणाले. “तुमी पन्नासनं चालला असता तरी तुटला असता.”

“मी साठनंच होते,” ती म्हणाली. “आबा, मी साठनंच होते. मी सांगत होते तुम्हाला सुरुवातीला.” आणि मग ती रडायला लागली. इतके दिवस रडली नव्हती म्हणे. मानसिंगराव तिच्या उशाशी बसले, तिचं डोकं त्यांनी छातीशी धरलं. नंतर बाहेरपर्यंत आम्हाला सोडायला आले.

“बाई, तुमी बोलला नसता तर आमाला कदीच कळलं नसतं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “हो.”

“मी माफ केलं आसं म्हणनार न्हाय. आज न्हाय म्हणवत.”

“म्हणू नका,” मी म्हटलं. ते आत गेले. जाताना त्यांनी इंद्रजितरावांच्या खांद्याला हात लावला, तो मात्र मी पाहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी चौकीत जबाब दिला.

परवेज, मी हे तुला शिक्षा म्हणून लिहीत नाही. अब्बांनी अंगणात आणखी किती गाड्या केल्या, मला सांगता येत नाही. त्या आज इंदापूर, बारामती, कुठं कुठं फिरत असतील. त्यांचे मालक छाती फुगवून म्हणत असतील, आमचीच खरी डीआय. ज्यांची खोटी आहे ते बिचारे सुखरूप आहेत. खरीवाल्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं पाहिजे. पोपटी रंग दिसला तर गाडी जागेवरून हलवू नये.

हे मी सांगून कुणी ऐकणार नाही. ग्रुपवर तुझं ऐकतात. लिहिताना अब्बांचं नाव येईल, ते वगळू नकोस. मला त्यांची लाज वाटत नाही. मला त्यांची फार आठवण येते.

सुखी राहा. जेवून घे.
बदनाम होऊनही ज्यांनी तुला जपलं, त्या काकांचं नाव आता तुझ्या हाती देणारी,
तुझी अम्मी
मेहजबीन


चेन्नई
७ डिसेंबर २०२५

आदरणीय इंद्रजितकाका,
सलाम.

हे पत्र उघडाल की नाही, माहीत नाही. फोन करायचं धाडस झालं नाही.

अम्मीचं पत्र मिळाल्यावर मी दोन दिवस कामावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं. आधीची पोस्ट काढली नाही, तिच्याच खाली लिहिलं, की वरचं सगळं चूक आहे, डाळजची गाडी माझ्या वडिलांनी केली होती, आणि इंद्रजितकाकांनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला होता. श्रेयाताई साठच्या वेगात होत्या, हेही लिहिलं. मग पोपटी रंगाचं लिहिलं, सुहानानं पाठवलेला आर्मचा फोटो टाकला.

लोकांनी शिव्या दिल्या. बाप मेल्यावर त्याला बदनाम करतो म्हणाले. मग रात्रीतून फोटो यायला लागले. वाकून, मोबाईल गाडीखाली घालून काढलेले. बहुतेकांच्या वेल्डिंगवर काळा रंग, काहींच्या गाडीला वेल्डिंगच नाही, नुसता चिकटवलेला बॅज. आणि पाच जणांच्या गाडीला पोपटी. त्यातल्या एका गाडीत रोज लहान मुलं शाळेत जातात. तो फोटो मी अजून बघू शकत नाही.

अम्मी म्हणाली की पाचही गाड्या टोचन करून, दुसऱ्या गाडीनं ओढत तुमच्याकडे आणल्यात आणि तुम्ही आर्म बदलायला घेतलेत. एकानं तुम्हाला विचारलं म्हणे, की आर्म बदलल्यावर माझी डीआय खरी राहील का. तुम्ही काय उत्तर दिलंत, ते तिनं सांगितलं नाही.

काका, लहानपणी माझे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते तेव्हा तुम्ही मला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला दिलं होतंत. मी तुमच्याबद्दल जे लिहिलं ते हजारो लोकांनी वाचलं. दुरुस्ती तेवढ्यांनी वाचली नाही, वाचणारही नाहीत. हे माझ्यानं भरून येणारं नाही, म्हणून नुसती माफी मागून मोकळा होत नाही.

सुट्टी मिळाली आहे. श्रेयाताईंना भेटायला आधी सणसरला जाईन, त्या भेटतील तर. मग गॅरेजवर येईन. बाहेर रस्त्यावर उभा राहीन. तुम्ही हाक मारलीत तरच आत येईन, नाहीतर तसाच घरी जाईन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभा राहीन.

तुम्ही ज्याला वाचवायला निघाला होतात त्या दस्तगीरचा,
परवेज