दुपारी सुधारणारा हात

३ मे
आमच्या लेकीनं, रात्रीनं, सुरबायाहून चित्रकला शिकवणारी डिजिटल पाटी पाठवली. "बापाक, अर्धांगानं हात थरथरतोय ना, हिच्यावर गिरवा." गिरवलं. सुभद्रेचा चेहरा काढला. पाटी म्हणते — नाक फार लांब. दुसरा डोळा विसरलात!
सावलीच्या खेळातल्या, एकाच बाजूनं दिसणाऱ्या चामड्याच्या बाहुलीला दुसरा डोळा कुठून आणू? बायको सुमिनी हसून हसून रंगाच्या वाटीवर पडायची राहिली.

५ मे
आता नुसत्या रेघा. पाटीची निळी, माझी लाल. माझी दारू पिऊन घरी निघालेली. शंभरात एकतीस!

९ मे
बाहुल्यांचा खेळ करणारे दालांग आले. "सुरो महिन्याच्या खेळाला नवी सुभद्रा हवी. जमत नसेल तर स्पष्ट सांगा, दुसरीकडे देतो." बाकीचं कोणीही कोरतं, पण बाहुलीचा चेहरा उघडायचा, म्हणजे नाक-डोळे कोरायचे, ते उस्तादानंच. हे काम गेलं की दुकान गेलं. थरथरता हात लुंगीत लपवला नि म्हटलं, "हात? झकास!"

१६ मे
आलेखात चौऱ्याऐंशी! वागियोच्या टपरीवर सगळ्यांना दाखवलं. कोणी विचारलं नव्हतं.

१७ मे
चामड्यावर काढून पाहिलं. सुभद्रा नाही, बकरी.

२० मे
लेकीचा फोन. पाटीचा आलेख तिलाही तिकडे दिसतो. "बापाक, तुमचा हात दुपारी दोननंतरच कसा सुधारतो?"
दोनला मी घोरत असतो!

२१ मे
झोपेचं सोंग घेतलं. सुमिनी पाटीवर वाकलेली, जीभ दातांत. नाक एका दमात उतरवलं. आधी संताप आला. मग कळलं, रेघ तिचीच चांगली. मी डोळे परत मिटले, भ्याडासारखे.

२२ मे
चामडं नि छिन्नी तिच्यापुढे ठेवली.
"अहो, बायका चेहरा उघडत नाहीत!"
"कोण म्हणतं?"
"तुम्हीच!"
शेवटी तिनं छिन्नी उचलली. तिला चहा करून दिला. खारट झाला.

३० मे
दालांगनी सुभद्रा दिव्यापुढे धरली. उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "आजारपणाआधीसुद्धा असा चेहरा तुमच्या हातून उतरला नव्हता."
'अहो, सराव!' असं अगदी ओठांवर आलं होतं. सुमिनीकडे बोट केलं. बोट थरथरत होतं, पण दिशा चुकली नाही. अर्जुनही तिनंच करायचा, असं ठरलं. मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.