शेडमधली रायफल

नाना,

रविवारची सकाळ आहे. तुम्ही क्वार्टरच्या पायरीवर बसला आहात, माझी हॉकी स्टिक मांडीवर आडवी धरून, आणि फुटक्या काचेच्या धारेने तिच्यावरचं जुनं व्हार्निश खरवडताय. मी जवसाच्या तेलाची वाटी धरून शेजारी उभी आहे. तुम्ही बोटं तेलात बुडवता आणि तळवा गरम होईपर्यंत लाकूड चोळत राहता. "लाकडाला घाई चालत नाही बये. आज जेवढं पितंय तेवढंच द्यायचं." आतून आई ओरडते की पोळ्या गार होतायत, आणि तुम्ही ऐकलं नाही असं दाखवता. सोमवारी कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर ती स्टिक हातात फिरवून बघतात, कुठल्या दुकानातली म्हणून विचारतात. मी मान ताठ करून सांगते की माझे वडील फॅक्टरीत रायफलींचे दस्ते बनवतात. त्याच सिस्टर पुढे मला म्हणाल्या होत्या की तुझे डोळे नको तिथे जातात, देवाने दिलेल्या कामावर ठेव. त्या आयर्लंडच्या होत्या. आज मी त्यांच्या देशात बसून तुम्हाला लिहिते आहे, आणि माझे डोळे अजून नको तिथेच जातात.

लेकीकडे मलिंगारला मी तीन महिन्यांसाठी आले होते, दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत. मग विमानं थांबली आणि मी राहून गेले. आता वर्ष उलटलं. लेक इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. त्या दिवसांत ती बारा-बारा तास तिकडेच असायची, आली की दारातच कपडे बदलायची आणि माझ्यापासून लांब बसून जेवायची. जावई नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. शांत, हसरा मुलगा. मी त्याला अरे-तुरे करते, तुम्हाला ते आवडलं नसतं. जूनमध्ये त्याची नोकरी गेली. त्याने ते आम्हाला वरणभात वाढून घेता घेता सांगितलं, "इट्स ग्रँड आई, मिळेल दुसरी," आणि लोणचं मागितलं. मी तेव्हापासून त्याच्यावर नजर ठेवायला लागले. नोकरी गेल्यावर लोणचं मागणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

घराच्या मागे एक लाकडी शेड आहे. तो जेवण झालं की तिथे जायचा आणि आतून कडी लावायचा. छोटी छोटी पार्सलं यायची, ती दारातच उचलायचा. मला आधी वाटलं, दारू. मग एकदा तो पाणी प्यायला आत आला आणि माझ्याजवळून गेला, तेव्हा त्याच्या हातांना जवसाच्या तेलाचा वास आला. नाना, इतक्या वर्षांनी तो वास आला आणि मला काही बरं वाटलं नाही. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने शेडच्या खिडकीशी गेले. शिकंज्यात रायफल अडकवलेली होती.

लेकीला विचारलं तर ती हसली. "अगं, त्याच्या क्लबची आहे ती. टार्गेटवर मारतात. लायसन्स आहे, भिंतीत लोखंडी पेटी आहे, गार्डा येऊन बघून गेलाय." इथे पोलिसांना गार्डा म्हणतात. "जुनी लष्करातली, स्वस्तात मिळाली. तो तिला सुटसुटीत करतोय, छंद म्हणून. तू सीआयडीगिरी सोड बाई." जावयाने मग मला रीतसर शेड दाखवली. फौजी रायफलीचं लाकूड नळीच्या टोकापर्यंत असतं, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. ते पुढचं लाकूड त्याने कापून टाकलं होतं, दस्त्याला कानशीने नवा आकार दिला होता आणि आता तेल देत होता. म्हणाला, "आई, ही आपल्याकडची आहे, इंडियन. दस्त्यावर शिक्कासुद्धा होता." मी चष्मा लावून शोधला. "कुठाय?" तो ओशाळला. "घासताना गेला." मला ते खरं वाटलं नाही. मला बरं वाटावं म्हणून बोलतोय, असं वाटलं. मग वाटलं, खरंच असला आणि तुमच्या खात्यातला असला, तर याने तो पॉलिश पेपरने पुसून टाकला. दोन्ही वेळा मला त्याचा रागच आला. काम मात्र चांगलं करत होता. घाई नव्हती त्याला. आणि तीच मला नको होती, ती घाई नसणं. दिवसेंदिवस एका लाकडावर हात फिरवत बसलेला, न बोलणारा माणूस मी पाहिलेला होता.

तुम्हाला आठवतं ना ते वर्ष? तुमचं लाकडाचं खातं बंद झालं, तुम्हाला स्टोअरमध्ये चिठ्ठ्या लिहायला बसवलं. तुम्हीही घरी येऊन म्हणाला होतात, काही नाही, सावलीतलं काम आहे. मग संध्याकाळी एकटे कालव्यावर फिरायला जाऊ लागलात. एका संध्याकाळी परत आला नाहीत. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. मी बावीस वर्षांची होते.

इथेही गावाला वळसा घालून एक कालवा जातो. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती, म्हणून सगळं गाव त्याच्या काठाने चालायचं. ऑक्टोबरमध्ये एक दिवस जावई म्हणाला, "चला आई, कालव्यावर एक राउंड मारू. मी तर रोज जातो." मी माझे गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो रायफल शिकंज्यात ठेवून, बोल्ट काढून बाजूच्या कागदावर ठेवून, मुलाखतीचा फोन घ्यायला घरात पळाला. शेड उघडी राहिली. बोल्ट म्हणजे मागेपुढे सरकणारा तो लोखंडी दांडा. तो नसला की रायफल म्हणजे नुसती काठी, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी तो पदराखाली घेतला आणि घरात आले. स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, बॉयलरच्या शेजारी, मी पुण्याहून आणलेलं मोदकपात्र होतं. गणपती होऊन गेलेले, वर्षभर त्याला कोणी हात लावणार नव्हतं. त्यात ठेवला. ठेवण्याआधी तेल लावून पुसला, कारण उघडं लोखंड हाताच्या घामाने गंजतं, हेही तुमचंच. माझ्याजवळ केसांना लावायचं खोबरेल होतं. तेच लावलं.

दोन दिवस त्याने शेड उपसली, मला एक शब्द विचारला नाही. तिसऱ्या दिवशी लेक ड्युटीवरून आली आणि वरच्या खोलीतून आवाज ऐकू आले. "तुला पहिल्यापासून ती रायफल नको होती." "म्हणून मी चोरेन? बारा तास मास्क लावून उभी असते मी, मला तुझे नट-बोल्ट लपवायला वेळ आहे?" "मग कोणी घेतला? कोल्ह्याने?" जेवायला दोघं समोरासमोर बसून माझ्याशी बोलत होते. मग तो म्हणाला, "उद्या सकाळी गार्डा स्टेशनला जाऊन सांगणार. हरवलं तर कळवावं लागतं." लेकीने चमचा ठेवला. "आपला सिटिझनशिपचा अर्ज आत आहे. आत्ता तू पोलिसांना सांगणार की रायफलीचा पार्ट हरवला?" "मग लपवू? ते जास्त महागात पडेल." नोकरी गेलेली, व्हिसा तिच्या नोकरीवर, अर्ज तीन वर्षं रखडलेला, आणि सगळं माझ्या मोदकपात्रात. मी ताक वाढत होते. माझा हात हलला नाही, नाना. मी तुमचीच मुलगी.

पहाटे उजाडता उजाडता मी शेडमध्ये गेले. कडी बाहेरून होती. बोल्ट बाकाखाली, भुशात, पार मागे सरकवून ठेवला, घरंगळून गेला असं वाटावं म्हणून. आणि चहा टाकला. तो साडेआठला निघण्याआधी शेवटचं बघून येतो म्हणून मागे गेला. बराच वेळ आला नाही. मी खिडकीशी उभी. मग तो आला, हातात किचन टॉवेलवर बोल्ट घेऊन, आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. बोल्टवर पांढरा थर चढला होता, तुपासारखा. घरात बॉयलरच्या उबेत तेल पातळ होतं. शेडमध्ये ऑक्टोबरची थंडी. पुण्यात थंडीच्या दिवसांत बाटली उन्हात ठेवायची आठवण मी आयुष्यभर सगळ्यांना केली, आणि स्वतःला हे सुचलं नाही.

त्याने बोट फिरवून वास घेतला. "आई, या गावात बंदुकीला खोबरेल लावणारी माणसं किती असतील?"

मी चहा गाळत राहिले.

"तुम्हाला काय वाटलं, मी कोणाला मारेन?"

"कोणाला नाही रे."

त्याला कळलं. तो तिथेच स्टुलावर बसला आणि बोल्ट पुसायला लागला, एकेका खाचेतून, काडीने. लेक वरून उतरली तर तो तिला म्हणाला, "सापडला. बाकाखाली गेला होता. सॉरी." ती म्हणाली, "मूर्ख आहेस," आणि त्याच्या डोक्यावर टपली मारून कामावर गेली. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. ती गेल्यावर म्हणाला, "असं का वाटलं तुम्हाला? एकदा विचारायचं तरी." मी म्हटलं, "उगीच. म्हातारपण." तो हसला नाही.

जानेवारीत त्याला नोकरी लागली. रायफल पुरी झाली, देखणी झाली आहे, तुम्ही दस्त्यावरून हात फिरवला असता आणि खोड काढली असती. त्याचं माझं बरं चाललं आहे. पण मला अजून खात्री नाही. तो कालव्यावर गेला की मी घड्याळ बघते. चाळीस मिनिटांच्या वर गेला की खिडकीशी जाते. आणि त्यालाही माझी खात्री नाही. शेडला आता कुलूप असतं.

तुमच्याशी एक बोलायचं राहिलं आहे. त्या संध्याकाळी तुम्हाला शोधायला सगळ्यांच्या आधी मी पोचले होते. तुमच्या चपला काठावर होत्या, शेजारी शेजारी, नीट जोडलेल्या, देवळाबाहेर काढतो तशा. पाय घसरलेला माणूस चपला काढत नाही. मी एक चप्पल पाण्यात टाकली आणि दुसरी उतारावर उलटी करून ठेवली. मग ओरडले. आईला मरेपर्यंत कळलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये ख्रिश्चन मुली शनिवारी जाळीमागे बसलेल्या फादरना सगळं सांगून हलक्या होऊन यायच्या, मला त्यांचा हेवा वाटायचा.

माझ्यामागे कोणाला काय, ते इथेच लिहून ठेवते. पाटल्या आणि मोत्याची कुडी लेकीला. पुण्याचा फ्लॅट तिचाच, पण खालच्या वॉचमनच्या बायकोला माझी शिलाई मशीन द्यावी, तिने दोनदा मागितली आहे. तुमचा लहान रंधा आणि दोन कानशी माझ्या लोखंडी ट्रंकेत आहेत, त्या जावयाला. हे पत्रही त्यालाच. आधी त्याने एकट्याने वाचावं, लेकीला सांगायचं की नाही ते त्याने ठरवावं. त्याने मला विचारलं होतं आणि मी "उगीच" म्हटलं होतं.