खुशीची खोली आणि चौदा बटेर

नागपूर, ५ मे

चि. नागसेन यास,
सप्रेम जयभीम.

खुशी सतरा तारखेला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते आहे आणि तिच्या खोलीत तू दिलेले चौदा बटेर राहतात. पत्र लिहिण्याचे कारण एवढेच. फोनच केला असता, पण तुझे भाऊजी तुझा फोन स्पीकरवर टाकून पाखरांनाही ऐकवतात. (मामाचा आवाज ओळखतात म्हणे.) तुझी कंबर कशी आहे? मायाचा गुडघा? उत्तराची घाई नाही. पाखरांच्या गोष्टीची आहे.

मार्चमध्ये तू संत्र्याच्या खोक्यातून तुझ्या शेडमधली ही पाखरे आणलीस तेव्हा म्हणाला होतास, "ताई, काहीच करा लागत नाही. दाणा टाक, अंडं उचल." यातला अंडी उचलण्याचा भाग खरा आहे. बटेर घाबरला की पळत नाही, सरळ वर उडतो आणि पिंजऱ्याच्या छताला डोके आपटतो. घाबरायला त्याला कोणतेही कारण चालते, पण कुकरची शिट्टी विशेष चालते. म्हणून सात आठवडे आमच्या घरी कुकर लागलेला नाही. तुरीची डाळ पातेल्यात शिजते आणि ती शिजेपर्यंत मी अख्खे वर्तमानपत्र वाचून काढते, निविदांसह. शिवाय छताला आतून मऊ अस्तर हवे. ते म्हणून भाऊजींनी माझ्या निवृत्तीच्या सत्काराची शाल लावली. (विचारले तर म्हणाले, "अवं, तू तरी कधी पांघरली?" हे खरे आहे, पण मुद्दा तो नाही.) तिन्ही नरांना त्यांनी आपल्या कार्यालयातल्या तीन साहेबांची नावे दिली आहेत, कारण दिवसभर ओरडतात ते आणि काम बाकीच्या अकरा जणी करतात.

मे लागला, अंडी कमी झाली. लगेच कूलर आमच्या खोलीतून त्यांच्या खोलीत गेला, नवी खस लावून. "आपण नागपूरचे, आपल्याले सवय हाये," असे भाऊजींचे म्हणणे. पाखरेही नागपूर जिल्ह्यातलीच आहेत, हे मी निदर्शनास आणून दिले. उपयोग झाला नाही. मी हल्ली डोक्याला ओला पंचा गुंडाळून झोपते. परवा एक मादी निसटून कपाटाखाली गेली, तर साठीचा हा माणूस जमिनीवर पालथा पडून तिला म्हणत होता, "ये वं माय, कोनी रागावत नाही तुले." पस्तीस वर्षांच्या संसारात हा स्वर माझ्या वाट्याला आल्याचे स्मरत नाही.

स्वयंपाकाचेही सांगते. गेल्या रविवारी शेजारच्या तुळसाबाईंना आणि त्यांच्या यजमानांना जेवायला बोलावले. चार माणसांना बत्तीस अंडी लागली. कवच कागदासारखे, आणि त्याच्या आतला पापुद्रा चामड्यासारखा, त्यामुळे सोलताना नखे कामाला येतात आणि कामातून जातात. (कच्चे फोडायचे तर शिवणाची कात्री लागते. अकरा अंड्यांचे ऑम्लेट बशीएवढे होते.) दुपारी चारला सोलायला बसले ती साडेसहाला उठले. मग सुके खोबरे, खसखस, दगडफूल भाजून, पाट्यावर वाटून काळा रस्सा केला. रस्सा उत्तम झाला होता, खोटी नम्रता मला जमत नाही. तुळसाबाईंनी ताटात पाहिले आणि म्हणाल्या, "सरिता, हे तं अंड्याची पोरं झाली वं. त्यांची माय कोठी हाये?" त्यावर भाऊजींनी गंभीरपणे खुलासा केला की अंडी वयाने पूर्ण आहेत, बांधाच तसा आहे. बाईंनी आठ अंडी दोन मिनिटांत संपवली आणि भाजी काय आहे असे विचारले.

तेव्हा तेरा तारखेला खाप्याहून गाडी घेऊन यावे आणि पाखरे न्यावीत. ही विनंती नाही.

तुझी,
सरिताताई

ता. क. भाऊजींना अजून काही सांगितलेले नाही. मी सांगू शकत नाही. जानेवारीअखेर ते निवृत्त झाले. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट खोचून, दाराकडे तोंड करून, जेवणाच्या वेळेपर्यंत बसत. मग तू खोके घेऊन आलास.

दुसरा ता. क. म्हणून तू पाखरे मागायची नाहीत. तू आल्यावर तोंड पाडून बसायचे आणि म्हणायचे, "भाऊजी, उन्हानं माह्या शेडमधल्या पाखरांनी अंडी देणं बंद केलं. तुमच्याशिवाय कोनाले समजत नाही. पाखरं घेऊन खाप्यालेच चला, दाखवून द्या." ते आधी नाही म्हणतील. तेव्हा तू पुन्हा म्हणायचे. आपण चौथे शील मोडतो आहोत याची मला जाणीव आहे. तेहतीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवले, त्यात तूही होतास. त्याचे मी पाहीन. तू हसू नकोस म्हणजे झाले.

तिसरा ता. क. पोच सोबत जोडली आहे. सही करून, गाडीत बसण्यापूर्वी, भाऊजींना न दाखवता माझ्याकडे द्यावी.

पोच. ता. १३ मे रोजी सौ. सरिता यांच्याकडून श्री. नागसेन, मु. खापा, यांना मिळाले:
बटेर, माद्या अकरा, नर तीन.
पिंजरा एक, शालीसह.
खाद्य, अर्धे पोते.
श्री. धम्मानंद, एक. रक्तदाबाची गोळी सकाळी चहानंतर, विचारल्याशिवाय घेत नाहीत. दुपारी झोपू द्यावे. काम सांगत राहावे, संपू देऊ नये.
पहिल्या तीन बाबी कायमच्या दिल्या. चौथी उसनी आहे, सोळा तारखेला संध्याकाळी सहाच्या आत परत आणून द्यावी.