आमच्या कॅसेटची साफसफाई

नांदेड,
रविवार

आदरणीय निवृत्तीदाजी व सुमनअक्का यांस,

आनंदराजचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, तुम्ही दोघंही बरे असाल. अक्काच्या पायाची सूज उतरली का? दाजी, तुमची साखर कशी आहे? (आंबे खाऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलंय ते आम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही कपाटामागं उभं राहून खाता तेही माहीत आहे.) वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना आधी तब्येत विचारावी असं आईनं शिकवलंय, म्हणून विचारली. विचारून झाली. आता मुद्द्यावर येतो. माझी कॅसेट परत द्या.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण मी 'कॅसेट' म्हटलं की तुमच्याकडची रेंज जाते. अक्कानं फोन उचलला तर तुम्ही अंघोळीला गेलेले असता. ज्या लातूरला एकेकाळी रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात एक माणूस दिवसातून इतक्यांदा अंघोळ करतो, हे मला पटत नाही. म्हणून पत्र. पत्राला रेंज लागत नाही.

हे पत्र तुमचा अश्वजितही वाचेल, आणि त्याला वाटतं मामाला जुन्या वस्तूंचं वेड आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. पाटबंधारे खात्यात मी नवीनच चिकटलो होतो तेव्हा एका मित्राच्या लग्नाला हैदराबादला गेलो आणि तिथल्या फुटपाथवरून ही कॅसेट घेतली. कव्हरवर चार गोरे गाणारे. डोळ्यांत काजळ, केस एका डोळ्यावर आलेले, आणि चेहरे असे की घरात कुणीतरी अत्यवस्थ आहे. विकणारा म्हणाला, "न्यू वेव है साब, लंडन में आजकल यहीच चल रा." इंग्रजी मला तेव्हा कळत नव्हतं, आताही कळत नाही. पण त्यांच्या गाण्यातल्या विजेच्या पेटीतून निघणारा आवाज (विहिरीत कुणी रिकामी बादली आपटावी तसा) मला आवडला. गल्लीत भीमगीतं होती, कव्वाली होती, सिनेमाची गाणी होती, पण असलं काही नव्हतं. मी केस वाढवले. काजळाची हिंमत झाली नाही.

त्याच वर्षी तुम्ही महामायाचं स्थळ आणलंत, शिरूर अनंतपाळचं. आई तेव्हा मांडीचं हाड मोडून खाटेवर पडलेली, तिला बैलगाडीत घालून नेणंही शक्य नव्हतं. आणि तिचा हट्ट असा की पोरीचं बोलणं ऐकल्याशिवाय होकार नाही. (फोटोवर तिचा विश्वास नव्हता. फोटोत सगळेच गरीब दिसतात म्हणायची.) तेव्हा तुम्हीच डोकं चालवलंत, की टेपरेकॉर्डर सोबत न्यायचा आणि मुलगी बघायचा कार्यक्रम आईसाठी भरून आणायचा. एवढं डोकं चालवलंत आणि कोरी कॅसेट विसरलात. तो जिम्मा तुमचा होता, दाजी, माझा नव्हता. मग सासऱ्यांच्या ओसरीवर बसून तुम्ही माझ्या गोऱ्यांच्या कॅसेटवर नवं भरता यावं म्हणून तिच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबलेत, आणि फीत जिथं थांबली होती तिथंच, तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर, लाल बटण दाबलंत. मी 'अहो' म्हणेपर्यंत गोरा पुसला गेला होता.

तेव्हापासून आमच्या घरात ते गाणं असं आहे. गोरा दोन कडवी रडतो. मग खट्. मग सासऱ्यांच्या अंगणातली कोंबडी. मग तुम्ही खाकरता आणि तहसीलदारासारखा आवाज काढून नाव विचारता. मग महामाया. मग शिक्षण, मग भाकरी थापता येते का, मग तुमच्याच हातातल्या बशीचा आवाज. शेवटी तुम्ही, विचारायची पद्धत असते म्हणून, तुला काही विचारायचं आहे का असं म्हणता. यावर पोरीनं मान खाली घालायची असते. महामाया म्हणाली, "ह्यांनी केस का कापले न्हाईत? एक डोळा खराब हाय का?" ओसरी हसली, कोंबडी ओरडली, खट्, आणि गोरा काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा रडायला लागला. (मला तिथल्या तिथं केस वर करून दोन्ही डोळे दाखवावे लागले, ते सुदैवानं कॅसेटवर येत नाही.) आईनं घरी खाटेवर पडल्या पडल्या हे ऐकलं आणि म्हणाली, "हीच आना. हिला दिसतंय ते बोलती ही."

आणि ती बोलली. इतकी वर्षं माझं एक वाक्य तिनं धडपणे पूर्ण होऊ दिलं नाही. गेल्या पावसाळ्यात झटका आला. पाय सुधारला, उजवा हात अर्धामुर्धा सुधारला, वाचा काही आली नाही. आता ती डाव्या हातानं पाटीवर 'मीठ' असं लिहिते आणि पाटी माझ्यासमोर धरते. तिचा आवाज घरात दुसरा कुठंही नाही. मोबाइलमधल्या प्रत्येक व्हिडिओत ती फक्त 'नको, नको' असे हात हलवते. लग्नाची फीत आहे, तिच्यात नुसता बँड वाजतोय. राहिली ती ही कॅसेट. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी ती लावायचो. दाजी, माझं म्हातारपण त्या फितीवर चाललं होतं, हे स्पष्ट लिहितो.

जानेवारीत तुम्ही आलात, राहिलात, जेवलात, गेलात, आणि कॅसेट गेली. मी घर उलथंपालथं केलं. महामायाला विचारलं तर तिनं पाटी हातात घेतली नाही, खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, बिचारीच्या किती जिव्हारी लागलंय. तुम्हाला फोन केला (तेव्हा रेंज होती) तर तुम्ही म्हणालात, "आरं, फीत पार गेली व्हती ती. अश्वजितकडं दिलो. पुन्यात आता जुनं समदं रिमास्टर करून देतेत. तुझीच कॅसेट नवी होऊन येती बघ, आवाज कसा काचेवानी." मी विश्वास ठेवला. दाजी खोटं बोलत नाहीत अशी माझी समजूत होती. मला वाटलं, सगळी साफ होऊन येईल, म्हणजे महामायाही साफ होऊन येईल.

आलं ते एक भलंमोठं चौकोनी पार्सल. आत काळी तबकडी. तरी मी रागावलो नाही. सरकारी नोकरीत आयुष्य काढलंय, दिलेली वस्तू भलत्याच आकारात परत येते याची सवय आहे. पण तबकडी वाजवायची कशावर? नांदेडात शोध शोध शोधलं. शेवटी उमरीला हणमंतराव लाऊडस्पीकरवाले सापडले. त्या तालुक्यातली अर्धी लग्नं त्यांनी वाजवली आहेत आणि तबकड्या वाजवायचं जुनं यंत्र त्यांनी अजून देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय. ते यंत्र एकटं कुठं जात नाही, हणमंतराव सोबत येतात. यंत्राला स्वतःचा आवाज नाही, म्हणून कर्णाही येतो. बसमध्ये यंत्र माझ्या मांडीवर, कर्णा हणमंतरावांच्या मांडीवर, आणि कंडक्टर कर्ण्याचं तिकीट मागून राहिला. नांदेड येईपर्यंत तो वाद चालला. (कर्ण्याला अर्धं पडलं.)

कर्ण्याला हळू बोलणं ठाऊक नसतं. तो आमच्या ओट्यावर बसवला आणि गोऱ्यांचं पहिलं गाणं सुरू झालं तसं गल्लीतल्या बाया कुणाचं लग्न निघालं म्हणून बाहेर आल्या. गाणं तर असं पळत होतं की गोऱ्यांच्या मागं कुत्रं लागलंय. हणमंतरावांनी यंत्राला एक ठोसा दिला, वेगाचा खटका चुकीच्या आकड्यावर बसला होता, तो खाली आला. तरीही गाणं मला घाईतच वाटलं, कारण आमच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा पहिल्यापासून सैल, आम्ही हे सगळं सावकाशच ऐकलेलं. पण वेगाचं सोडा. जिथं फीत चुरगळून गोऱ्याला उचकी लागायची तिथं आता उचकी नाही. घरघर नाही, खरखर नाही. उलट, ज्या गाण्यांना खुद्द त्या चौघांनी त्या काळी टाकाऊ म्हणून बाजूला काढलं होतं ती शेवटी जोडून दिलीत. म्हणजे भाकरी दिली आणि जळालेले पापुद्रेही डब्यात वेगळे बांधून दिले. शेजारच्या प्रीतम सरांनी (इंग्रजी शिकवतात) पाठीमागचा मजकूर वाचून मराठीत सांगितला. मूळ फितीतले नको असलेले आवाज काळजीपूर्वक काढून टाकले आहेत, असं तिथं छापलंय.

नको असलेले! दाजी, हे कोण ठरवणार? लंडनमध्ये खुर्चीवर बसलेला एक माणूस, ज्यानं शिरूर अनंतपाळ बघितलं नाही, तो ठरवणार की कोणता आवाज हवा आणि कोणता नको? मला कळतं, त्याच्याकडं आमची कॅसेट गेली नव्हती, ही तबकडी दुकानात कुणालाही विकत मिळते. प्रीतम सरांनी ते मला नंतर नीट समजावून सांगितलं. मी काही खुळा नाही. पण त्या वेळी मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत नसू दिलं ते तुम्ही.

कारण तिसऱ्या गाण्याच्या आधी मी महामायाला स्वयंपाकघरातून हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, गल्लीला गप्प केलं. बायांना सांगितलं की आता ऐका. गोऱ्यानं दोन कडवी म्हटली. मी हात वर केला. खट् झालं नाही. गोरा तिसरं कडवं म्हणायला लागला. मला वाटलं, साफ करताना थोडं पुढं सरकलं असेल. मग एक पिपाणी वाजली, जी मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती, मग चौथं कडवं, आणि गाणं संपलं. माझा हात वरच. हणमंतराव म्हणाले, "साहेब, काय व्हायला पायजे व्हतं?" महामायाची बोटं खुर्चीच्या हातावर थरथरत होती. मी तबकडी उचलून रस्त्यावर भिरकावणार होतो, पण हणमंतरावांनी ती छातीशी धरली. तबकडी कुणाचीही असो, त्यांच्या देखत तिला हात लावू देत नाहीत.

तेव्हा दाजी, शेवटचं सांगतो. कॅसेट असेल तशी पाठवा. तुटलेली असो, गुंतलेली असो, पेन्सिल घालून मी गुंडाळीन. साफ करू नका. कोंबडीलाही हात लावू नका. ती मिळेपर्यंत मी तुमच्या घरी जेवणार नाही. (चहा घेईन, अक्काचं मन मोडवत नाही.) लग्न तुम्ही जमवलंत, उपकार मानतो, पण जमवलेल्या लग्नातली बायको कुणी परत नेत नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. कॅसेट आली की लिहीन.

तुमचा मेहुणा
आनंदराज

ता. क. सोबत जवसाच्या चटणीची पुडी आहे. ती अक्कासाठी. तुम्ही खाऊ नका.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र महामायाला दाखवलं. (माझं शुद्धलेखन अजून तीच तपासते.) वाचून तिनं पाटी मागितली. एका पाटीवर तिचं मावत नाही, पुसून पुसून लिहीत होती, ते इथं एकत्र उतरवतो. "दाजींना बोलू नका. कॅसेट मीच दिली. कुणाला सांगू नका म्हणून त्यांच्याकडून शब्द घेतला. रोज सकाळी ती पोरगी घरात बोलती. तुम्ही चहा पीत तिच्याकडं बघून हसता. मी हितंच बसलेली असते. सवत झाली ती माझी." मी म्हटलं, अगं, ती तूच की. तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, "ती न्हाई. मी ही हाय." मग लिहिलं, "पूर्ण गाणं पहिल्यांदा ऐकलं. चांगलं हाय. परत लावा." हणमंतराव अजून इथंच आहेत, त्यांनी लावलं. तिची बोटं थरथरत नव्हती, दाजी. ती ताल धरत होती. तुमच्याबद्दल वर जे लिहिलंय ते मागं घेतो, अंघोळीचं सोडून. चटणी तुम्हीही खा.

तिसरा ता. क. हे तिनं वाचलेलं नाही. दाजी, कॅसेट पाठवू नका. पण फेकूही नका, अश्वजितला पुसू देऊ नका, त्याच्याकडं असेल तर लातूरला मागवून ठेवा. पुढच्या आठवड्यात गुडघा दाखवायला लातूरला जातो म्हणून घरी सांगणार आहे. त्या दिवशी अक्काला कुठंतरी बाहेर पाठवा, ती महामायाला सांगेल. एकदाच ऐकतो आणि संध्याकाळच्या बसनं घरी येतो.